व्हिसा हा चारित्र्याचा दाखला नव्हे

"कागद चोख असले की व्हिसा मिळतोच, ज्याला मिळाला नाही त्याच्यात कोठेतरी खोट असलीच पाहिजे," हे मत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात अलीकडे इतके रूढ झाले आहे की ते उच्चारणाऱ्याला पुराव्याची गरज भासत नाही आणि ऐकणाऱ्याला शंका घेण्याचे सुचत नाही. एखाद्या मुलीला अमेरिकेतील विद्यापीठाने पारखून प्रवेश दिलेला असतो, बँकेने तारण पाहून कर्ज मंजूर केलेले असते, घरच्यांनी थंडीच्या कपड्यांची खरेदीही उरकलेली असते. आणि वकिलातीच्या खिडकीमागचा अधिकारी दोन-तीन मिनिटांच्या संभाषणानंतर तिचे पारपत्र तिच्या हाती परत देतो. त्यानंतर त्या घरी समाचाराला येणारी मंडळी सांत्वनाच्या मिषाने जी उलटतपासणी आरंभितात ती एखाद्या मुरब्बी फौजदारी वकिलाला शोभावी: "नक्की काय विचारलं त्यांनी? तू अडखळलीस का? काही लपवलं तर नव्हतंस ना?" आणि हीच मंडळी जिना उतरताना आपसांत जे बोलतात ते याहून स्पष्ट असते: "आमच्या पुतण्याला बरा पहिल्याच खेपेला मिळाला!"

हे मत खोडून काढण्यापूर्वी ते त्याच्या पूर्ण ऐटीत उभे करणे न्यायाचे होईल. ते असे: अर्जदाराला ठरलेले कागद जोडायचे असतात, ठरलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यायची असतात, आणि शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा आपला इरादा पटवून द्यायचा असतो, प्रामाणिक माणसाला यात अवघड ते काय? खिडकीमागचा अधिकारी हजारो माणसे पाहिलेला असतो, तो खरे-खोटे क्षणात ओळखतो. आपल्याकडच्या लोकांनी बनावट दाखल्यांचा सुळसुळाट केला, तेव्हा संशय घेतला जातो याचा दोष आपलाच. आणि सरतेशेवटी, घर त्यांचे आहे. कोणाला उंबरठ्याच्या आत घ्यावे हे घरधनीच ठरविणार, त्याचा जाब पाहुण्याने मागू नये. या युक्तिवादाला एक रेखीवपणा आहे हे मी नाकारीत नाही. प्रश्न एवढाच, की यातले एक तरी विधान वस्तुस्थितीच्या कसोटीस उतरते काय?

प्रथम कागदांचा विचार करू, कारण सारा इमला त्यांवरच उभा आहे. सांगली-साताऱ्याकडील एखाद्या शिक्षकाच्या घरी ही फाइल कशी सिद्ध होते ते ज्याने पाहिले असेल त्याला 'कागद चोख असणे' म्हणजे काय ते निराळे सांगावयास नको. विद्यापीठाचे आय-ट्वेंटी, सेव्हिस शुल्काची 350 डॉलरांची पावती, अर्जशुल्काच्या 185 डॉलरांची पावती, डीएस-160 अर्जाचे बारकोड असलेले पान, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, कर्जाचे सँक्शन लेटर, वडिलांचे तीन वर्षांचे आयकर विवरण, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, मामाच्या मुदतठेवींच्या पावत्या आणि त्यांसोबत स्टँपपेपरवर केलेले मामाचे हमीपत्र, आजोबांच्या नावावरील दोन एकरांचा सातबारा, त्यावर सहहिस्सेदारांची नावे निघाली म्हणून त्यांची संमतिपत्रे, तहसील कचेरीतून आणलेला ऐपतीचा दाखला, आणि या सर्वांवर कळस म्हणून सी.ए.च्या सहीशिक्क्यासह केलेले नेटवर्थ सर्टिफिकेट. दिवाणावर मांडलेल्या या ढिगाऱ्यातून मुलीची आई एकेक कागद उचलून पारदर्शक खिशांत घालते, आणि कोणता कागद कोठे आहे हे घाबरलेल्या अवस्थेतही सापडावे म्हणून प्रत्येक खिशाला रंगीत चिठ्ठी लावते. एवढी सिद्धता करून खिडकीपाशी गेल्यावर त्यांतला एकही कागद मागितला गेला नाही, हा अनुभव इतक्या विद्यार्थ्यांचा आहे की त्याचे आता कोणाला नवलही वाटत नाही. जे कागद पाहिलेच जात नाहीत त्यांच्या चोखपणावर निकाल अवलंबून असतो, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

निकाल अवलंबून असतो तो निराळ्याच गोष्टीवर, आणि ती अमेरिकेच्या 1952 च्या परदेशीयविषयक कायद्यातील कलम 214 (ब) मध्ये कोणालाही वाचता येण्याजोग्या शब्दांत सांगितलेली आहे. तात्पुरत्या वास्तव्यासाठी अर्ज करणारा प्रत्येक परदेशीय, काही मोजके वर्ग सोडल्यास, कायमचा स्थायिक होण्यासच निघाला आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नाही अशी अधिकाऱ्याची खातरजमा करून देण्याचा भार अर्जदाराने वाहावा, असा त्या कलमाचा आशय आहे. खुनाच्या आरोपीलाही निर्दोष मानून खटला सुरू होतो. व्हिसा मागणाऱ्या विद्यार्थ्याचा खटला मात्र प्रतिकूल अनुमानापासूनच सुरू होतो. तेव्हा या कलमान्वये मिळालेल्या नकाराचा अर्थ 'अर्जदारात खोट आढळली' असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की 'अमुक दिवशी अमुक अधिकाऱ्याची खातरजमा झाली नाही.' विद्यार्थ्याच्या हाती जी छापील चिठ्ठी पडते तीतही त्याच्या प्रकरणाविषयी एक अक्षर नसते; सर्वांना तोच मजकूर, तेच कलम. ज्या लेखात अर्जदाराचा एकही दोष नमूद नाही त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचे सारे दोष स्पष्ट वाचता यावेत, ही दृष्टी धन्य होय!

आणि हे कलमही ज्यांच्या वाट्यास आले नाही त्यांचे काय? 27 मे 2025 रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरच्या आपल्या वकिलातींना विद्यार्थ्यांच्या मुलाखतींसाठी नव्या वेळा देणे थांबविण्याचा हुकूम दिला, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो उठविताना प्रत्येकाने आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना पाहण्यास खुली करावीत अशी नवी अट घातली. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायचे असताना ऐन हंगामातील हे दिवस गेले. पहाटेपर्यंत स्लॉटसाठी पडद्याकडे डोळे लावून बसलेल्या कित्येकांना प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलणे भाग पडले. त्यांच्या कागदांत कोणती खोट होती?

याहून जुना दाखला हवा असेल तर तोही त्याच देशाच्या दप्तरात आहे. चे चान पिंग नावाचा चिनी मजूर 1875 पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. 1887 साली तो मायदेशी गेला तेव्हा परत येण्याची परवानगी देणारा सरकारी दाखला त्याने रीतसर घेतलेला होता. तो परतीच्या वाटेवर असतानाच, 1 ऑक्टोबर 1888 रोजी, असे सर्व दाखले रद्द करणारा कायदा झाला आणि बंदरात पोहोचलेल्या या मनुष्याला उतरू देण्यात आले नाही. त्याने दाद मागितली. 1889 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशीयाला मज्जाव करण्याचा अधिकार सार्वभौम सत्तेच्या ठायी असून सरकारने दिलेला दाखला त्या अधिकाराला बांधू शकत नाही. इतका चोख कागद आजच्या कोणत्या विद्यार्थ्यापाशी आहे? आणि एवढ्या चोख कागदाचे जेथे काही चालले नाही, तेथे मामाच्या मुदतठेवीची ती काय कथा!

आता त्या अधिकाऱ्याच्या दिव्य दृष्टीकडे वळू. माणूस क्षणात ओळखण्याची ही विद्या खरोखरच अस्तित्वात असती तर 2023 साली कॅनडात जे प्रकरण गाजले ते घडलेच नसते. शेकडो विद्यार्थ्यांची, ज्यांत पंजाबातील मुलांचा भरणा होता, महाविद्यालयीन प्रवेशपत्रे बनावट असल्याचे त्या वर्षी चव्हाट्यावर आले. पुष्कळांना दलालाने आपल्या हाती खोटा कागद दिला होता हे तोवर ठाऊकही नव्हते. परंतु येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की हीच प्रवेशपत्रे काही वर्षांपूर्वी व्हिसाच्या अर्जासोबत रुजू झाली होती, तपासली गेली होती आणि मंजूरही झाली होती. म्हणजे प्रामाणिकांना अडविणारा संशय लबाडांपुढे डोळे मिटून उभा होता. पुढे 1 डिसेंबर 2023 पासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित संस्थेकडूनच पडताळून घेण्याची पद्धत सुरू केली. बनावट कागदावरचा उपाय हा असा कारकुनी आणि साधा असतो. 'आपल्याच लोकांनी लबाड्या केल्या म्हणून संशय येतो' असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: सोलापूरच्या मुलीने जालंधरच्या दलालाचे पाप कोणत्या न्यायाने फेडावे?

परंतु या मताचे खरे मर्मस्थान आहे ते परतण्याच्या इराद्यात. विद्यार्थ्याला एफ-1 व्हिसा देताना कायदा अशी अपेक्षा करतो की परदेशात त्याचे निवासस्थान असावे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसावा. बावीस वर्षांच्या मुलाचे निवासस्थान म्हणजे बापाचे घर, आणि पाच वर्षांनंतरचा त्याचा इरादा म्हणजे त्याला स्वतःलाही न उमगलेली गोष्ट. त्याला मुळे दाखव म्हणतात. परंतु मुळे धरतात ती नोकरी, संसार, घर, व्यवसाय यांनी, आणि यांतले काहीही अद्याप झालेले नसते म्हणून तर तो विद्यार्थी असतो! तारुण्याचा जो स्वभावधर्म, म्हणजे भविष्य मोकळे असणे, तोच येथे संशयास कारण होतो.

विसंगती एवढ्यावर थांबत नाही. तेच अमेरिकन सरकार एफ-1 विद्यार्थ्याला पदवीनंतर बारा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची मुभा देते, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील पदवीधरांना त्यावर आणखी चोवीस महिन्यांची भर घालते. ही छत्तीस महिन्यांची सवलत तेथील विद्यापीठे आपल्या माहितीपत्रकांत अभिमानाने मिरवितात. ती पाहूनच कर्ज कसे फिटेल याचा हिशेब घरोघरी मांडला जातो. आणि ज्या सवलतीची जाहिरात एका दाराशी होते तिचा नुसता उल्लेख दुसऱ्या दाराशी केला तर तो आत्मघात ठरतो अशी ठाम समजूत असल्यामुळे, प्रत्येक विद्यार्थी, "पदवी मिळताच परत येऊन इथल्याच कंपनीत काम करणार," हे वाक्य घोकून जातो. नोकरीसाठी जाणाऱ्या एच-1बी धारकाला मात्र हा जाच नाही; 214 (ब) मधील प्रतिकूल अनुमानातून कायद्याने त्याला वगळले आहे. शिकावयास निघालेल्याने परतीची शपथ वाहावी आणि कमवावयास निघालेल्यास ती माफ असावी, ही व्यवस्था ज्यांना सत्यवादाची परीक्षा वाटते त्यांच्या सत्याच्या व्याख्येला माझा दुरूनच नमस्कार.

या परीक्षेतून काय निपजले तेही पाहण्याजोगे आहे. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत मॉक इंटरव्ह्यूचे वर्ग चालतात. कोणत्या प्रश्नाला किती सेकंदांत उत्तर द्यावे, 'भाऊ तिकडेच असतो' हे विचारल्याखेरीज सांगू नये, हसावे पण फार हसू नये, असे धडे फी घेऊन दिले जातात. ज्याला फी परवडते त्याचा प्रामाणिकपणा अधिक सफाईने प्रकट होतो. ज्याला परवडत नाही तो अडखळतो, आणि अडखळला म्हणून अप्रामाणिक ठरतो. आमचे टीकाकार ज्याला 'खरेपणाची पारख' म्हणतात ती बहुतांशी पाठांतराची पारख आहे.

आणि मुळे व ऐपत या दोन निकषांवरच माणूस जोखावयाचा असेल तर आपल्याच इतिहासातील एक अर्ज त्या खिडकीपुढे ठेवून पाहावा. 1913 च्या जुलैमध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा वडिलांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. आधार होता तो बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांच्या मुदतीच्या शिष्यवृत्तीचा. ना शेत, ना बंगला, ना मुदतठेव. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले आणि करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा ज्या मायदेशाशी त्यांची 'मुळे' जुळलेली असावयाची त्या मायदेशाने त्यांना राहावयास एक खोली दिली नाही. पारशी सराईतूनही त्यांना हुसकून लावण्यात आले. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. एवढे सारे होऊन हा मनुष्य परतला, येथेच राहिला, आणि त्याने या देशासाठी काय केले ते शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तीन मिनिटांत त्यांचा इरादा कोणी वाचला असता? आजचा चाणाक्ष अधिकारी त्या फाइलीत काय पाहता? पितृछत्र हरपलेले, स्थावर शून्य, निधी एका संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून. सबब अर्ज नामंजूर! आणि आमचे जिना उतरणारे शेजारी म्हणाले असते, "काहीतरी खोट असणारच."

आता घरधन्याचा दृष्टांत. राज्य हे घर नव्हे, आणि व्हिसा देणारे सरकार यजमान नव्हे. कोणता यजमान पाहुण्याकडून दाराशीच शुल्क घेतो आणि त्याला परत पाठविल्यावरही ते ठेवून घेतो? तथापि शब्दांचा वाद सोडून मी एवढे मान्य करतो की कोणाला प्रवेश द्यावा हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे. पण ठरविण्याच्या अधिकारात कारण न सांगण्याचा अधिकार आपोआप येतो, हे कोठून काढले? ब्रिटन सार्वभौम नाही काय? तेथे विद्यार्थ्याला निधी किती आणि किती दिवस खात्यात हवा, हे नियमांत लिहिलेले आहे. नकार कारणांसह लेखी मिळतो, आणि चूक झाली असे वाटल्यास अठ्ठावीस दिवसांत फेरतपासणी मागता येते. कॅनडाबाहेरून अर्ज करणाऱ्यास तेथील संघीय न्यायालयाकडे साठ दिवसांत दाद मागण्याची वाट आहे. जर्मनीचा नकार बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयापुढे नेता येतो. या राष्ट्रांच्या अटीही काही सौम्य नाहीत; जर्मनी वर्षाच्या खर्चापोटी 11,904 युरो बंद खात्यात ठेवावयास लावते, आणि कॅनडाने 2024 च्या जानेवारीपासून दहा हजार डॉलरांची अट एकदम 20,635 वर नेली. अट कठोर असेल, पण ती लिहिलेली आहे. पुरी झाली की नाही हे अर्जदारासही मोजता येते. अमेरिकेत मात्र वकिलातीतील नकाराची चिकित्सा न्यायालयांनी सहसा करू नये हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली म्युन्योझ खटल्यात पुनश्च उचलून धरले. तो त्यांचा कायदा आहे. तो बदलणे आपल्या हाती नाही. पण जेथे कारण नाही, अपील नाही, फेरतपासणी नाही, तेथून आलेल्या शब्दाला आपण न्यायनिवाड्याचा मान का द्यावा?

गंमत अशी, की आपल्या तलाठ्याने वा तहसीलदाराने उत्पन्नाचा दाखला कारण न देता अडवून ठेवला तर हेच सद्गृहस्थ माहितीच्या अधिकाराचा अर्ज ठोकतात, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करतात आणि 'मोगलाई लागली आहे काय?' असे ठणकावून विचारतात. तोच विनाकारण नकार इंग्रजीत छापून आला की मात्र त्यांना त्यात गूढ शहाणपण दिसू लागते. गोऱ्या साहेबाने 'नो' म्हटले तर त्यामागे काही विचार असलाच पाहिजे, ही श्रद्धा 1947 साली बोटीवर चढली नाही. ती येथेच मागे राहिली.

राहता राहिले ते देशभक्तीचा आव आणून "नाकारला ते बरेच झाले, इकडे काय कमी आहे?" असे म्हणणारे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. कारण व्हिसा मिळाला असता तर पेढ्यांच्या पुड्यात सर्वांत आधी हात त्यांचाच गेला असता.

नकाराची शिक्षा विद्यार्थ्याला मुळातच पुरेशी मिळालेली असते. शुल्क बुडते, वर्ष जाते, आणि यापुढे अन्य देशांच्या अर्जांतही 'पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे काय?' या प्रश्नापुढे त्याला 'होय' लिहावे लागते. इतके असताना समाजाने त्यात आपल्या कुजबुजीची भर घालावी, मुलींच्या बाबतीत तर "आता हे खूळ पुरे, स्थळं पाहा," असा निकालही सुनावावा, यात शहाणपण कोणते आणि माणुसकी कोणती? ज्या विद्यापीठाने तिच्या गुणांची परीक्षा घेतली त्याने तिला पात्र ठरविले. ज्या बँकेने तिच्या परतफेडीची शक्यता तोलली तिनेही तिला पात्र ठरविले. तिला अडविले ते ज्याने यांपैकी काहीच तपासले नाही त्याने, आणि तेही कारण न सांगता. या तीन साक्षींपैकी नेमकी तिसरीच प्रमाण मानणाऱ्याला न्यायबुद्धी आहे असे कोण म्हणेल?

तेव्हा स्पष्टच सांगतो. व्हिसाचा नकार हा एका परराष्ट्राचा हुकूम आहे. तो गुणवत्तेवरचा अभिप्राय नाही, सचोटीवरचा ठपका नाही आणि घराण्यावरचा डाग तर मुळीच नाही. हुकूम मुकाट्याने पाळावा लागतो, कारण सत्ता त्यांची आहे. परंतु त्याला निवाडा समजून त्यापुढे मान तुकविण्याची सक्ती कोणीही केलेली नाही, ती आपण आपणहून पत्करली आहे. ज्या समाजाला आपल्या मुलांची पारख स्वतः करता येत नाही आणि जो ती पारख परक्या कचेरीच्या खिडकीवर सोपवून मोकळा होतो, त्या समाजाने परतलेल्या मुलांच्या खोटी मोजीत बसू नये. खोट शोधावयाचीच असेल तर ती त्याने स्वतःच्या परीक्षेत शोधावी. तेथे ती मुबलक सापडेल.